मशीन विचारत होती

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आमच्या नागपूरच्या ऑफिसात एकच कॉम्प्युटर होता आणि त्याच्या पोटात दोन सिस्टीम. एकीत पगारपत्रकं व्हायची, दुसरीत साहेबांच्या सर्वेक्षणाचे तक्ते. सकाळी मशीन लावताना फ्लॉपी घातली तर एक सुरू व्हायची, नाही घातली तर दुसरी, आणि हा खेळ फक्त मला जमायचा. रजा मागितली की साहेब कूलरकडे बघत म्हणायचे, "मग मशीन कोण चालू करेल?" या एका वाक्यावर माझ्या कित्येक रजा बुडाल्या. जीव विटला होता त्या मशीनला.

अशात भिवापूरला नेत्रशिबिर लागलं आणि आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. गावी ती एकटीच. माझा चेहरा तिला केव्हापासून धूसरच दिसत होता. तिचं मागणं एवढंच, "पट्टी सुटन तवा तू समोर पाह्यजे वं. पयले तुले पाहीन."

मग मी फ्लॉपीचा नाद सोडला. एक छोटा प्रोग्राम मिळत होता. तो हार्ड डिस्कवर बसवला की मशीन सुरू होताना स्वतःच विचारायची, एक की दोन? एक म्हणजे पगार, दोन म्हणजे सर्वेक्षण. कोणी काहीच दाबलं नाही, तर जरा वाट बघून ती आपणच पगाराकडे वळायची. मला हवं होतं ते हेच.

साहेबांनी नेमकं तेवढंच खोडलं. "मशीन आपल्या मनानं ठरवणार? मग जबाबदारी कोणाची?" बैठक, चहा, पुन्हा बैठक. शेवटी मशीननं विचारावं आणि उत्तर मिळेपर्यंत थांबून राहावं, असं ठरलं. वाद घालायचं त्राण माझ्यात नव्हतं, आणि रजा तर मिळत होती. हेडक्लार्क बडे बाबूंसकट सगळ्यांना बोलावून दोन्ही बटणं दाखवली. सगळ्यांनी माना डोलावल्या.

शिबिर शाळेत होतं. आई पट्टी बांधून उताणी पडलेली, मान हलवायची नाही. मी तिला भरवायचे, तोंड पुसायचे. पट्टी सुटायच्या आदल्या दुपारी ऑफिसचा चपराशी एसटीनं येऊन दारात उभा.

"मॅडम, मशीन विचारून राहिली अन् सारे पाहून राहिले. साहेब दौऱ्यावर. लेखी ऑर्डर नाही म्हणून कोणी बटण दाबत नाही. पगार अडले."

"एक दाबा म्हणावं."

"माह्यं कोण आयकन, मॅडम? बडे बाबू म्हन्ते, तुमाले घेऊनच ये."

मी संतापले, पण आईच म्हणाली, "जाय. लोकाइचे पगार हायेत. सकाळी येशीन."

ऑफिसात सगळे हाताची घडी घालून मशीनभोवती उभे होते. मी एक दाबलं. सुटकेचा निःश्वास सोडून सगळे आपापल्या टेबलाकडे गेले, आणि बडे बाबू म्हणाले, आलाच आहात तर पत्रकं छापूनच जा.

सकाळची एसटी उमरेडला बंद पडली. पोचले तेव्हा पट्टी सुटून बराच वेळ झाला होता. नर्स माझ्यावरच चिडली. "डॉक्टर किती वेळचे विचारताहेत बोटं किती, पण या डोळाच उघडत नाहीत!"

आई बाकावर डोळे घट्ट मिटून बसली होती. मी हात धरला. तिनं हळूच डोळा उघडला, माझ्याकडे बघत राहिली.

"किती थकली वं तू," ती म्हणाली.