सावधान

काल भाचीच्या लग्नात कार्यालयाच्या मागच्या, आग लागली तर बाहेर पडायच्या दाराला फुलांच्या पडद्याआड कुलूप दिसलं आणि माझं डोकंच फिरलं. मॅनेजर म्हणतो, "ताई, आजवर काही झालंय का?"

बाबांना जाऊन वर्ष झालं. इमारतींची सुरक्षा तपासण्यात जन्म घालवलेले इंजिनिअर. माझ्या लग्नात ऐन मंगलाष्टकांच्या वेळी गायब! असल्याच एका कुलपाची किल्ली शोधत होते. नंतर म्हणाले, "अगं, आत तू होतीस ना!" मी कितीतरी दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही.

"आधी किल्ली आणा," मी मॅनेजरवर ओरडले. अक्षता मुठीतच राहिल्या. तिकडे भटजी घसा ताणून 'सावधान' म्हणत होते. प्रत्येक लग्नात म्हणतात. तो शब्द मनावर घेणारा एकच माणूस मला भेटला, आणि मी त्याच्यावरच रुसले.