जर-तरवाले साहेब

आमचा दूध संघ नवा होता आणि कॉम्प्युटर आमच्यात कुणालाच येत नव्हता, म्हणून प्रोग्रॅम लिहायचं काम पुण्याच्या एका माणसाला दिलं होतं. ते एसटीनं लोहाऱ्याला यायचे, चहा पार गार करून प्यायचे आणि कशावरही विचारायचे, "आणि तसं झालं नाही तर?" शिपायानं एसटी पाचला येते म्हटलं, तरी हेच. ऑफिसात त्यांचं नाव जर-तरवाले साहेब पडलं.

अध्यक्षांनी नियम सांगितला, "तीन महिने ज्यानं दूध घातलं न्हाय, त्याचं नाव काढून टाकायचं."

"आणि जनावरंच चारा छावणीत गेली तर?"

त्या साली पाऊस चांगला होता. अध्यक्ष चिडले. "साहेब, असलं तोंडातनं काढू नये. तेवढं लिहू नका."

साहेबांनी मान हलवली. काम पुरं करून गेले ते पुन्हा आले नाहीत.

दोन वर्षांनी दुष्काळ पडला, गुरं छावणीत गेली आणि दूध थांबलं. तीन महिने भरल्यावर नावं काढायला मी बटण दाबलं, तर मशीन पहिल्याच नावाशी अडलं. पडद्यावर इंग्रजी अक्षरांत मराठी प्रश्न होता: जनावर छावणीत आहे का?

अध्यक्ष माझ्या मागं उभे होते. त्यांनी पुढं वाकून प्रश्न वाचला.

"व्हय दाबा," ते म्हणाले.