भिंतीवरच्या दोन रेघा

लोहाऱ्याच्या बाजारात मुरुमचा ओळखीचा कापडवाला भेटला. जाता जाता म्हणाला, "तुमचे शिवलिंगप्पा मास्तर गेले की. सोमवारी माती झाली."

"मातीला कोण होतं?"

"कोण जाणार त्यांच्या मातीला? आता वर देवाला भूमिती शिकवत असतील." हसला, पान थुंकला आणि पुढं गेला. या गोष्टीला महिना झाला. ते हसू अजून माझ्या अंगातून जात नाही, म्हणून हे लिहितो.

मास्तर मुरुमच्या सरकारी शाळेत भूमिती शिकवायचे, तीही उर्दूत, कारण राज्य निजामाचं. आम्ही पोरं घरी मराठी नाहीतर कानडी बोलणारी. प्रमेयं मंत्रासारखी पाठ करायचो. अर्थ कुणाच्या बापाला कळत नव्हता, आणि तो कळावा अशी सरकारचीही इच्छा नव्हती. मास्तर मात्र संध्याकाळी आम्हाला घरी बोलवायचे आणि तेच सगळं मराठीत सांगायचे. बायको लवकर वारलेली, मूलबाळ नाही. सोप्यातली एक भिंत त्यांनी काजळी फासून काळी केली होती. तिच्यावर ते दोन रेघा मारायचे, मुद्दाम तिरप्या, आणि दोन्हींना छेदणारी तिसरी. वरचा कोन सांगून खालचा विचारायचे.

"तेवढाच, मास्तर. संगत कोन समान असतात."

"रेघा समांतर असल्या तर. ह्या समांतर हायत हे तुला कुणी सांगितलं?"

"दिसतायत की."

"दिसतंय म्हणून चालत न्हाय. नोडप्पा," कानडीतलं 'बघ बाबा' त्यांच्या तोंडात असायचंच, "नीट बघ. समांतर हायत का, हे बघायला रेघांच्या टोकापर्यंत जावं लागत न्हाय. इथंच आडवी रेघ मार, इथंच मोज." खिळ्याला पितळी कोनमापक टांगलेलं असे. आम्ही ते लावायचो आणि मास्तर बाजेवरून, डोळे मिटलेलेच, विचारायचे, "किती आला?" बहुतेक वेळा रेघा केसभर वाकड्या निघायच्या. प्रत्येक वेळी आम्ही फसायचो.

पुढं मी शाळा सोडून निजामाविरुद्धच्या चळवळीत गेलो, पत्रकं लिहू लागलो. मास्तरांनी नोकरी सोडली नाही. ते मला तेव्हा पटलं नव्हतं, आजही पटत नाही. माझं पत्रक वाचून ते म्हणाले होते, "भाषा लई गरम हाय. पुरावा कुठं हाय?"

मग निजामी गेली. निजामाला साथ दिलेल्यांचा निवाडा करायला गावात चळवळीतल्यांची समिती बसली आणि पहिलं नाव निघालं करीम मास्तरांचं. ते उर्दू शिकवायचे, शाळेत शिवलिंगप्पांच्या शेजारी बसायचे. निजामाच्या बाजूनं गावं लुटणाऱ्या हत्यारबंद टोळीला गावात यांनीच आणलं, असं लोक म्हणत. त्या दिवसांत असा आरोप शाबीत झाला तर घर आणि माणूस, दोन्ही उरत नव्हतं. मास्तरांनी चावडीवर येऊन साक्ष द्यावी, हा निरोप घेऊन समितीनं मलाच पाठवलं.

"त्या टोळीबरोबर करीमला तू बघितलंस?" मास्तरांनी विचारलं.

"मी न्हाय. पण टोपी तीच, जबान तीच. सगळ्यांना दिसतंय, मास्तर."

"दिसतंय," ते म्हणाले, आणि भिंतीकडं बघत राहिले.

चावडीवर ते उभे राहिले. "हा माणूस माझ्या शेजारी बसून पोरांना शिकवायचा. मला ठाव हाय ते एवढंच. ह्याच्याहून जास्त कुणी डोळ्यानं बघितलं असंल, त्यानं पुढं यावं." कुणी आलं नाही. मीही म्हणालो, मास्तर बरोबर आहेत. करीम मास्तर सुटले. त्या दिवसापासून शिवलिंगप्पांच्या सोप्यात पोरं यायची थांबली. न्हाव्याला वेळ मिळेना. रामराम घालणारे गल्ली बदलू लागले. मला पुन्हा कुणी पत्रक लिहायला सांगितलं नाही. न्यायासाठी काठ्या खाल्लेली ही माणसं. पुरावा मागितला म्हणून त्यांनी एका म्हाताऱ्याला जिवंतपणीच वाळीत टाकलं. हे लिहायला मला लाज वाटत नाही, त्यांना वाचायला वाटावी.

परवा मुरुमला गेलो. किल्ली करीम मास्तरांकडं होती. मातीला विधी करणारा जंगम, मास्तरांचे दोन भाऊबंद आणि करीम मास्तर, एवढेच होते. त्यांनी कुलूप काढलं आणि स्वतः पायरीवरच बसले. "तुम्ही जा आत. मला बघवत न्हाय."

भिंतीवर दोन तिरप्या रेघा आणि दोन्हींना छेदणारी तिसरी. शिकायला कुणी येत नसताना काढलेल्या. पुसट झालेल्या, पण समांतर दिसणाऱ्या. मी खिळ्यावरचं कोनमापक काढलं, वरचा कोन मोजला, मग खालचा. थोडा फरक आला. म्हणजे या रेघा कुठंतरी मिळणार होत्या. दाराच्या बाजूला, भिंत संपून, गल्ली ओलांडून, गावाच्याही पलीकडं कुठंतरी.

सवयीनं मी बाजेकडं वळलो. बाज भिंतीला उभी करून ठेवली होती.

मी आकडा मोठ्यानं सांगितला. बाहेर पायरीवर करीम मास्तर नुसते खोकले.