रकाना क्रमांक अकरा

कमिटीवर काम केलेल्या माणसाकडे किस्से आपोआप साठतात. मिनिट्समध्ये फक्त निर्णय लिहायचा असतो. निर्णय होईपर्यंत कोण कोणावर चिडलं, कोणाचा माइक चालू राहिला, कोण कॅमेऱ्यासमोर पोहे खात बसलं, याला तिथे जागा नसते. ते सगळं डोक्यात राहतं आणि चार मित्र जमले की बाहेर येतं. माझ्याकडचा बराचसा साठा कोरोनाच्या दुसऱ्या लाटेतला आहे.

आम्ही दिल्लीच्या द्वारकेतली मराठी मंडळी. आदल्या वर्षी गणपती बसला नव्हता, त्यामुळे वर्गणी तशीच पडून होती. त्यात कोणाकोणाच्या परदेशातल्या मुलांनी भर घातली आणि आमचा ‘शेजार निधी’ उभा राहिला. आपण स्वतः काही वाटायचं नाही, आसपासच्या ज्या लहान संस्था राबताहेत त्यांना बळ द्यायचं, असं ठरलं. कमिटीत चौघं. अध्यक्ष कर्णिक साहेब, जॉइंट सेक्रेटरी म्हणून निवृत्त. मी त्यांच्या हाताखाली सहा वर्षं काढलेली, त्यामुळे माझ्या तोंडचं ‘साहेब’ काही सुटलं नाही. सेक्रेटरी प्रधान वहिनी, माजी मुख्याध्यापिका. तिसरे शेखभाई, मूळचे सोलापूरचे, रेल्वेतून निवृत्त. कोणीही काहीही म्हटलं की ते म्हणणार, ‘बिल्कुल!’ आणि चौथा मी.

चौघांची मिळून सव्वाशे वर्षं सरकारी नोकरी. बाहेर अँब्युलन्सचे सायरन थांबत नव्हते आणि आत आम्ही!

*

पहिली मीटिंग व्हिडिओवर. मी म्हटलं, ‘साहेब, ऑक्सिजनचं आधी बघू या.’

साहेब म्हणाले, ‘आधी फाइल उघडा.’

बरं, ही फाइल कॉम्प्युटरवरची नव्हे. खरीखुरी, पुठ्ठ्याची, लाल फीत बांधलेली! साहेब सातव्या मजल्यावर, वहिनी त्याच बिल्डिंगमध्ये दुसऱ्यावर. कोणी कोणाच्या दारात जायचं नाही, म्हणून साहेब फाइल लिफ्टमध्ये ठेवायचे, दोनचं बटण दाबायचे आणि वहिनींना फोन करायचे, ‘खाली पाठवली आहे.’ वहिनी दार उघडलं की आधी फाइलवर सॅनिटायझरचा फवारा मारायच्या.

तिसऱ्या दिवशी साहेबांची हिरव्या शाईतली पानभर टीप धुऊन निघाली. साहेबांनी ती शांतपणे पुन्हा लिहिली. वर एक ओळ वाढवली: ‘मूळ टीप सॅनिटायझरमुळे नष्ट झाल्याचे प्रमाणित करण्यात येते.’

*

आमच्याकडे पहिला अर्ज आला तो सिस्टरचा. मेरी गायकवाड, मूळच्या अहमदनगरच्या, सगळी नोकरी दिल्लीच्या हिंदूराव हॉस्पिटलात नर्स म्हणून झालेली. निवृत्तीनंतर त्यांनी चार बायका आणि एक जुनी व्हॅन जमवून घरोघरी आजाऱ्यांची सेवा सुरू केली होती. ‘हिंदूराव’ हा शब्द ऐकताच साहेबांनी तो गृहस्थ आपला मराठी माणूस कसा होता, यावर दहा मिनिटं घेतली. सिस्टर ऐकत होत्या. मग म्हणाल्या, ‘साहेब, माझ्याकडे दोन पेशंट लाइनवर थांबलेत.’

त्यांना हवी होती सहा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर. हवेतून ऑक्सिजन काढून देणारी मशीन, गाझियाबादच्या एका दुकानदाराकडे भाड्याने मिळत होती. साहेबांनी विचारलं, ‘तीन कोटेशन आहेत?’

नव्हती. सिस्टरनी बिचारीने तिथूनच दुकानदाराला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, ‘मैडम, आपको कोटेशन चाहिए या मशीन?’

शेखभाई म्हणाले, ‘बिल्कुल!’

मशीन मिळाली. पहिला हप्ता गेला. भाडं महिन्याचं होतं. दुसरा हप्ता महिनाअखेरीला गेला नाही तर सहाही मशीन उचलली जाणार होती, कारण बाहेर तिप्पट भाडं देणारे रांगेत उभे होते.

*

त्याच आठवड्यात दुसरी एक संस्था आली. गुडगावचं ऑफिस, टाय लावलेला तरुण, चाळीस स्लाइड्स. कागदपत्रं अशी की साहेबांचे डोळे भरून आले. पॅन, ऑडिट, बोर्डाचा ठराव, अनुक्रमणिकेसह! दहा मिनिटांत मंजूर.

मी शेवटी सहज विचारलं, ‘अभी तक क्या क्या बाँटा है?’

‘सर, अभी हम बेसलाइन सर्वे कर रहे हैं।’

त्यांचा अहवाल मात्र वेळेच्या आधी आला, रंगीत, गुळगुळीत कागदावर. सर्वेचा निष्कर्ष पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत होता: लोकांना ऑक्सिजनची गरज आहे.

*

आता मुख्य गोष्ट. दुसऱ्या हप्त्यासाठी साहेबांनी एक लाभार्थी फॉर्म तयार केला. अकरा रकाने. त्यात एक गोष्ट त्यांनी खरंच चांगली केली होती: नाव कुठेच येऊ द्यायचं नाही, फक्त क्रमांक, वय, व्यवसाय. आजारी माणसाची लाज राखायची. पण अकरावा रकाना असा होता: ‘ही मदत मिळाली नसती तर काय झाले असते? पन्नास शब्दांत लिहा.’

‘इम्पॅक्ट कळला पाहिजे,’ साहेब म्हणाले. हा शब्द त्यांनी त्या टायवाल्याकडून उचलला होता.

सिस्टरचे फॉर्म आले. प्रत्येकात दहा रकाने भरलेले, अकरावा कोरा. साहेबांनी हिरव्या शाईत आक्षेप घेतला आणि हप्ता अडवला.

सिस्टर मीटिंगमध्ये आल्या. व्हॅनमध्येच बसल्या होत्या, अंगावर पीपीई किट, चेहरा घामाने भिजलेला. ‘साहेब, मशीन लावलेल्या माणसाला दोन शब्द बोलले तरी धाप लागते. पन्नास कुठून आणू?’

‘मग कुटुंबीयांनी लिहावं.’

‘आई शेजारी झोपलीय आणि मी लेकीला म्हणू, ही मदत मिळाली नसती तर काय झालं असतं ते लिही? माझी हिंमत नाही. तुम्ही या, तुम्ही लिहून घ्या.’

शेखभाईसुद्धा ‘बिल्कुल’ म्हणाले नाहीत. साहेब म्हणाले, ‘पुढच्या बैठकीत पाहू.’ मला त्या दिवशी साहेबांचा फार राग आला. आणि मी गप्प बसलो, याचा त्याहून जास्त.

*

पुढच्या मीटिंगला साहेब नव्हते. त्यांचा ईमेल आला होता: ‘प्रकृती ठीक नसल्याने बैठकीस अनुपस्थित राहण्याची परवानगी मिळावी.’ अर्ज अध्यक्षांना उद्देशून. अध्यक्ष तेच! आम्ही खूप हसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या मुलीचा टोरांटोहून फोन. ‘काका, बाबांचा ऑक्सिजन शहाऐंशीवर आलाय. कुठेच बेड नाहीये. काही करा ना!’ बायको वारल्यापासून साहेब एकटेच राहतात. मी दोन तास फोन करत होतो. शेवटी एकच नंबर उरला, आणि तो लावायची मला लाज वाटत होती.

सिस्टरनी सगळं ऐकलं. विचारलं एवढंच, ‘कितवा मजला? लिफ्ट चालू आहे ना?’

एक मशीन त्याच सकाळी पालमच्या एका पेशंटकडून परत आलं होतं. मी मास्क लावून साहेबांच्या दाराबाहेर उभा राहिलो. आतून साहेबांचा आवाज आला, तुटत तुटत, ‘सिस्टर... फॉर्म?’

‘आधी श्वास घ्या,’ सिस्टर म्हणाल्या. ‘फॉर्म कुठे पळून जात नाही.’

चार दिवसांनी साहेबांचा मला फोन. अजून बोलताना धाप लागत होती. ‘कमिटीत कोणाला सांगू नका.’ मी नाही सांगितलं.

*

महिनाअखेरची मीटिंग. दुसऱ्या दिवशी मशीन परत जायची होती. साहेब आले, कॅमेरा बंद ठेवून. मागे एकसारखी घरघर.

‘कोणाचा कूलर चालू आहे?’ वहिनी म्हणाल्या. ‘म्यूट करा बाई!’

घरघर थांबली. वहिनींनी सिस्टरकडून टाइप होऊन आलेले नवे फॉर्म वाचायला घेतले. सव्वीस झाले. प्रत्येकाच्या शेवटी त्या म्हणत होत्या, ‘रकाना अकरा, कोरा.’

‘लाभार्थी सत्तावीस. वय अडुसष्ट. निवृत्त केंद्रीय कर्मचारी. अय्या, यांनी सगळी कागदपत्रं तीन-तीन प्रतींत जोडलीत म्हणे! असे लाभार्थी पाहिजेत. एकटे राहतात. नऊ, दहा...’ त्या थांबल्या. ‘अकरा कोराच आहे हो. एवढा टापटीप माणूस, आणि मोक्याच्या ठिकाणी विसरला! साहेब, आक्षेप कायम ठेवू ना?’

मग साहेबांचा माइक उघडला, घरघर पुन्हा ऐकू आली.

‘हप्ता मंजूर लिहा.’

‘आणि तो अकरावा रकाना? परत पाठवू भरायला?’

‘नको,’ साहेब म्हणाले. ‘त्यांनी तो बरोबर भरलाय.’