जंताचं औषध

धाकटा भाऊ पुण्याहून आला तो सगळं बिऱ्हाड घेऊनच. नोकरीचं विचारलं की "सुट्टी घेतलीय" एवढंच. सुट्टीला कोणी गादी घेऊन येतं का? मला पहिल्याच दिवशी शंका आली.

वडीगोद्रीला हायवेलगत माझं जनावरांच्या औषधांचं दुकान आहे, घर मागेच. आई माझ्याकडेच असते, चहा मी करते. भाऊ कप नाकाशी नेऊन वास घ्यायचा आणि मोरीत ओतायचा.

"ताई, काय टाकून राह्यली तू चहात?"

"साखर. अक्कल विकत मिळत असती तर तीपण टाकली असती."

पण तो चेष्टा करत नव्हता. कातडीखाली किडे फिरतात म्हणून त्यानं दंड ओरबाडून काढले होते. मी दुकानातलं औषध त्याच्या जेवणात कालवते, असं तो आईच्या कानात सांगायचा. माझं टाळकंच फिरायचं. मीही कमी नव्हते. तो अंघोळीला गेला की त्याची बॅग चाचपायची. हाती काही लागलं नाही.

मग ताप चढला, घसा सुजला, कानाच्या पाळ्या काळ्याजांभळ्या पडल्या. जालन्याच्या दवाखान्यात नेलं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी जवळजवळ संपल्या होत्या. डॉक्टरांनी त्याला एकट्याला खोदून विचारलं, लघवी तपासली आणि त्याची परवानगी घेऊन आम्हाला आत बोलावलं. तो कोकेन ओढत होता. संशय आणि किडे त्या नशेचे. रक्ताची वाट लावली ती भेसळीनं. विकणारे त्यात जंताचं औषध मिसळतात, शेळ्यामेंढ्यांना पाजतात तेच.

मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू. माझ्यावरचा आळ तरी गेला.

भाऊ खाटेवर उठून बसला. "आई, मी सांगून राह्यलो ना तुला! हिच्याच दुकानातलं निघालं."

पुडी पुण्यात घेतलेली, बहिणीचा काय संबंध, असं डॉक्टर आईला पुन्हा पुन्हा समजावत राहिले. आई मान हलवत होती.

पेशी वाढल्या, ताप उतरला, आम्ही घरी आलो. मी तिघांचा चहा केला. त्याच्या कपातला अर्धा बशीत ओतून त्याच्यादेखत आधी मी प्याले, तेव्हा कुठे त्यानं कप तोंडाला लावला. त्याचं मला वाईट वाटलं नाही, तो आजारी होता.

आईनंही तोवर आपला कप उचलला नव्हता.