मंगळवारची कात्री
ओल्या केसांचा वास आला की मंठाळ गावचं समाजमंदिर आठवतं. परदेशातून आलेल्या एक बाई तिथं गरीब घरच्या मुलींना केस कापायला शिकवायच्या आणि मी त्यांचं बोलणं मराठीत सांगायचे. सरावासाठी आणलेल्या बाहुलीच्या डोक्यावर मुलींचा हात चांगला बसला होता. खऱ्या डोक्यासाठी बाईंनी शेवटचा दिवस ठेवला आणि तो नेमका मंगळवार निघाला. गावातलं कुणीच फिरकेना. दुसऱ्या दिवशी बाई परत जाणार होत्या, म्हणून वैतागून मीच केस भिजवून खुर्चीत बसले. सगळ्यांत हुशार मुलीनं कात्री उचलली आणि परत ठेवली. “मंगळवारी कापलं की भावावर येतं, अक्का.” “मला भाऊ न्हाई. काप!” “मला हाय की.” बाई मला विचारत राहिल्या, काय म्हणाली ती? राग इतका आला होता की मला सांगताच आलं नाही. अजूनही तो राग नेमका कुणावर होता, ते ठरत नाही.