सहावं बोट घेऊन कुरुंद्याला

बाळंतपण झालं की सासरचं माणूस न्यायला येतं, ही आमच्याकडची रीत. माझी धाकटी बहीण मंगल हिंगोलीत महिनोन्‌महिने वाट बघत बसली, पण कुरुंद्याहून कोणी फिरकलं नाही. लेकीच्या हाताला सहावं बोट होतं. गरोदर बाईनं ग्रहणात काही चिरलं की लेकरात खोट येते, असा गावाकडचा समज. सासूचा निरोप आला, "गिराणात भाजी चिरली, त्याचं फळ हाय." माझं डोकंच फिरलं. न्यायला येत नाहीत ना? मग आम्हीच जातो!

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. सकाळची वसमत एसटी धरली. सोबत लेकरू असेल तर पुढची सीट गाठा, मागे हाडं खिळखिळी होतात. औंढ्याला चहा-भजी झाली. जवळा बाजारला एक शेतकरी काका शेजारी बसले, पायाशी फवारणीच्या औषधाचा डबा.

"अळीला सवय झाली बाई औषधाची. मरतच न्हाई."

मी शाळेत विज्ञान शिकवते, गप्प बसणं जमत नाही. "सवय नाही झाली काका. हजारो अळ्यांत दोन-चार आधीपासूनच निराळ्या होत्या. औषधानं बाकीच्या मेल्या, त्या तगल्या. आता रानात त्यांचीच पिलावळ."

"निराळ्या काहून झाल्या?"

"कुणी मुद्दाम केल्या नाहीत. आईबापाचा साचा पिलात उतरताना कधी कधी चूक होते. बहुतेक चुकांनी काही बिघडत नाही, एखादी कामाला येते."

मंगल एकदम म्हणाली, "म्हंजी आईनं काय चिरलं, त्याचा काय बी संबंध न्हाई?"

"अजिबात नाही."

"मंग अळीचा बी गुन्हा न्हाई म्हणा," काका हसले.

वसमतहून कुरुंद्याची जीप भरल्याशिवाय हलत नाही, तेव्हा हाताशी वेळ ठेवा. वाटेत हळदीची रानं सुंदर दिसतात. मंगलने बाहेर पाहिलंच नाही. तिचे ओठ हलत होते. मला वाटलं, रडतेय.

सासूबाई दारातच उभ्या. "गिराणात..." त्यांनी सुरुवात केली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मंगल पुढे झाली.

"आत्याबाई, त्या दिशी गावातल्या गाभण शेळ्या रानात चरून राहिल्या व्हत्या. त्यांची पिल्लं काहून बराबर निपजली? पाप माझं न्हाई, लेकराचं बी न्हाई. हे घर माझं बी हाय. सरका."

त्या सरकल्या नाहीत. आतून तिचा नवरा आला आणि तिची पिशवी उचलून घरात घेऊन गेला. मंगल लेकराला घेऊन त्याच्यामागे गेली.

हिंगोलीला परतले तर आई उंबऱ्यातच बसलेली. "पटलं का विहीणबाईंना?"

"नाही पटलं," मी चपला काढत म्हटलं. "पण मंगलला पटलंय."